वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट : चांगली तलवार कुणाला द्यायची, यावर चाळीस जणांचं जगणं-मरणं कसं ठरतं?

मे 2005 मध्ये इंटरनेटवर एक व्हिडिओ आला. गेममधल्या एका किल्ल्यात काही जण एका खोलीच्या दाराशी उभे आहेत. आत ड्रॅगनची अंडी आहेत. अंड्यांच्या जवळ कुणी गेलं की ती फुटतात आणि पिल्लांचा थवा अंगावर येतो. म्हणून सगळ्यांची अगदी गंभीर मीटिंग चाललीय. आधी कोण जाणार, पिल्लांना घाबरवून कोण पळवणार, कुणाला कोण वाचवणार. एक जण आकडेमोड करून सांगतो की वाचण्याची शक्यता 32.33 टक्के आहे. तेवढ्यात इतका वेळ कीबोर्ड सोडून गेलेला एक गडी परत येतो, 'लिरॉय जेन्किन्स' असं स्वतःचंच नाव ठोकून देतो आणि एकटाच आत घुसतो. त्याला वाचवायला बाकीचे मागे धावतात. थोड्याच वेळात सगळे आडवे.

हा व्हिडिओ ठरवून केलेला होता, हे नंतर उघड झालं. पण ज्यांनी हा गेम खेळला होता त्यांना तो खरा वाटला, कारण असा एक लिरॉय प्रत्येकाच्या टीममध्ये होताच. पुढे गेम बनवणाऱ्या कंपनीनेच 15 सेकंदांत 50 पिल्लं मारणाऱ्याला 'जेन्किन्स' ही पदवी द्यायला सुरुवात केली.

तो गेम म्हणजे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. अमेरिकेतल्या ब्लिझार्ड कंपनीने 23 नोव्हेंबर 2004 ला आणलेला. आज वीस वर्षं उलटून गेली तरी लोक त्याची जुनी आवृत्ती पुन्हा पुन्हा खेळतात, आणि कुठलं शस्त्र घ्यावं, कुठला बॉस कसा मारावा यावर आजही भांडतात. एका गेमवर इतकी वर्षं भांडायला काय असेल, असं वाटत असेल तर आधी ही 'रेड' काय असते ते बघायला हवं.

रेड म्हणजे नेमकं काय?

गेममध्ये गुहा, किल्ले, पडकी मंदिरं अशा जागा आहेत. त्यांना डंजन म्हणतात. साध्या डंजनमध्ये पाच जण जातात. मोठी मोहीम असेल तर ती रेड, म्हणजे सरळ धाडच. सुरुवातीच्या काळात रेडला 40 जण लागायचे. प्रत्येक गटासाठी त्या जागेची स्वतंत्र प्रत उघडते, त्यामुळे आत दुसरा कुणी येऊन मदत करत नाही आणि त्रासही देत नाही. आत एकामागोमाग एक बॉस. 'मोल्टन कोअर' या लाव्हाने भरलेल्या गुहेत असे दहा बॉस आहेत आणि शेवटी रॅग्नरोस नावाचा अग्नीचा राजा.

एकदा बॉस मारला की तो त्या आठवड्यात परत दिसत नाही. मेल्यावर तो दोन-चार वस्तू टाकतो. माणसं 40, वस्तू दोन-चार. भांडणाचं मूळ इथं आहे, पण ते पुढे.

एवढ्या माणसांना जमवायचं म्हणजे आठवड्याचे दिवस ठरवा, वेळ पाळा, कोण येणार नाही ते आधी कळवा. त्यासाठी खेळाडू 'गिल्ड' बनवतात. आपल्याकडचं गणपती मंडळ डोळ्यांसमोर आणलं तरी चालेल. अध्यक्ष आहे, खजिनदार आहे, राबणारे आहेत आणि फक्त आरतीला उगवणारेही आहेत.

जास्त मारलं की आधी तुम्ही मरता

बीजीएमआय खेळणाऱ्याला शस्त्राचं गणित सोपं वाटतं. जी बंदूक जास्त डॅमेज देते ती चांगली. वॉरक्राफ्टच्या रेडमध्ये हा नियम लावला की बहुतेक वेळा सगळ्यांत आधी मरतो तो नियम लावणाराच.

कारण बॉसकडे एक अदृश्य यादी असते. कुणी किती त्रास दिला याची. ज्याचा आकडा सगळ्यांत मोठा, त्याच्यावर बॉस तुटून पडतो. खेळाडू याला 'थ्रेट' म्हणतात. बॉसचा एक फटका साधा खेळाडू झेलू शकत नाही, म्हणून गटात तीन कामं वाटलेली असतात. टँक पुढे उभा राहून मार खातो, हीलर त्याला जिवंत ठेवतात आणि उरलेले बॉसला मारतात. टँकने मुद्दाम जास्तीत जास्त राग ओढवून घ्यायचा असतो आणि बाकीच्यांनी त्याच्या खाली राहायचं असतं.

यात आकडेही ठरलेले आहेत. बॉसच्या जवळ उभं राहून मारणाऱ्याचा थ्रेट टँकच्या 110 टक्क्यांवर गेला की बॉस त्याच्याकडे वळतो. लांबून मारणाऱ्याला थोडी सूट आहे, 130 टक्क्यांपर्यंत. म्हणजे एखाद्याला झकास तलवार मिळाली आणि टँककडे जुनंच शस्त्र असेल, तर त्या झकास तलवारवाल्याला मध्येच हात आखडता घ्यावा लागतो. नाही घेतला तर बॉस मागे वळतो, तो मरतो, आणि वळलेल्या बॉसच्या तोंडातली आग शेजारच्या दहा जणांवर जाते. अख्ख्या गटाचा वेग टँक किती राग ओढू शकतो यावर ठरतो. म्हणूनच जाणती गिल्ड चांगलं शस्त्र आधी टँकला द्यायची आणि नवखी गिल्ड सगळ्यांत जास्त डॅमेज करणाऱ्याला.

शस्त्र निवडताना लोक काय बघायचे?

शस्त्रावर लिहिलेला आकडा हा फक्त अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे ते कुणाच्या हातात आहे.

उदाहरणार्थ 'रोग' हा लपूनछपून मारणारा गडी. त्याला पाठीत वार करायचा असेल तर सुराच लागतो, तलवारीने तो वार होतच नाही. तोच रोग तलवार घेऊन लढणार असेल तर मुख्य हातात सावकाश पण जड घाव घालणारी तलवार आणि दुसऱ्या हातात झटपट चालणारं शस्त्र घेतो. जड घावाचा फायदा त्याच्या खास वारांना मिळतो आणि दुसऱ्या हाताच्या भरभर वारांमुळे विष जास्त वेळा लागतं.

याहून गंमतशीर प्रकार आहे शस्त्रकौशल्याचा. जुन्या आवृत्तीत खेळाडूची कमाल पातळी 60 आणि रेडमधला बॉस 63 धरला जातो. या तीन पातळ्यांच्या फरकामुळे साध्या वारांपैकी सुमारे 40 टक्के वार घसरून लागतात. कौशल्य 300 असेल तर घसरलेल्या वारात साधारण 35 टक्के ताकद वाया जाते. ते फक्त 5 ने वाढून 305 झालं की तोटा 15 टक्क्यांच्या आसपास येतो. आणि हे 5 गुण काहींना जन्मतःच मिळतात. मानव जातीला तलवार आणि गदेसाठी, ऑर्क जातीला कुऱ्हाडीसाठी. त्यामुळे कागदावर कमी दिसणारी तलवार माणसाच्या हातात मोठ्या कुऱ्हाडीला मागे टाकते.

ज्यांना जन्मतः हे मिळालं नाही त्यांनी काय करायचं? तर 'एजमास्टर्स हँडगार्ड्स' नावाचे हातमोजे शोधायचे. 44 व्या पातळीलाच घालता येणारे हे मोजे दिसायला अगदी किरकोळ, पण सुरा, तलवार आणि कुऱ्हाडीचं कौशल्य 7 ने वाढवतात. 2004-05 मध्ये या आकडेमोडीचा बहुतेकांना पत्ता नव्हता. 2019 मध्ये ब्लिझार्डने जुनी आवृत्ती 'क्लासिक' नावाने पुन्हा आणली, तेव्हा सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि याच मोज्यांसाठी लोक लिलावात डोळे पांढरे होतील इतकं सोनं ओतत होते.

आणखी एक अट आज वाचली तर खोटी वाटेल. बॉसच्या अंगावर एका वेळी किती शाप, विषं, जखमा राहू शकतात यालाच मर्यादा होती. सुरुवातीला 8, नंतर 16. माणसं मात्र 40. नवा परिणाम चढला की जुना एखादा गळून पडायचा. एखाद्याच्या शस्त्रातून आपोआप लागणारी फालतू जखम गटाला खरंच हवा असलेला शाप बाहेर ढकलू शकायची. त्यामुळे 'वॉरलॉक' मंडळींना, ज्यांचा सगळा खेळच हळूहळू मारणाऱ्या शापांवर, ते शाप टाकायलाच बंदी असायची. तुमचं सगळ्यांत चांगलं अस्त्र म्यानात ठेवा, असं सांगणारा गेम फारसा सापडत नाही.

बॉस म्हणजे कोडं

रेडमधला बॉस नुसता ताकदीने मरत नाही. प्रत्येकाची एक खोड असते आणि ती ओळखावी लागते.

मोल्टन कोअरमधला बॅरन गेडन अधूनमधून कुणा एकाला जिवंत बॉम्ब बनवतो. काही सेकंदांत तो फुटतो आणि आजूबाजूच्यांना उडवतो. उपाय सोपा, ज्याच्यावर बॉम्ब आला त्याने गटापासून लांब पळायचं. चाळीसातला एक जण स्क्रीनकडे न बघता चहा पीत असेल, तर तेवढ्याने खेळ संपतो. त्याच गुहेतला मॅगमडार चवताळतो, तेव्हा त्याला शांत करणारा बाण फक्त 'हंटर' मारू शकतो, आणि तो बाण शिकवणारं पुस्तक त्याच्या आधीच्या बॉसकडून मिळतं. या बाणाने डॅमेज काहीच होत नाही. पण त्याच्याशिवाय टँक टिकत नाही.

ओनिक्सिया ही ड्रॅगनीण. तिच्या पुढे उभं राहिलात तर आग, मागे उभं राहिलात तर शेपटीचा तडाखा, आणि तो तडाखा नेमका अंड्यांच्या खड्ड्यात फेकतो. म्हणून कुशीला उभं राहायचं. तिची ताकद 65 टक्क्यांवर आली की ती उडते, 40 टक्क्यांवर परत उतरते. या लढाईत चिडलेल्या एका रेड लीडरचं रेकॉर्डिंग नेटवर प्रचंड फिरलं. पिल्लं अंगावर येतायत, तो गळा फाटेस्तोवर ओरडतोय आणि चूक करणाऱ्याचे 50 पॉइंट कापून टाकतोय. पॉइंट कसले, ते पुढे येईलच.

पण खरा कस लागतो तो व्हेलास्ट्राझकडे. 'ब्लॅकविंग लेअर' या रेडमधला हा लाल ड्रॅगन मूळचा चांगला, शत्रूने त्याला ताब्यात घेतलेलं. लढाई सुरू होते तेव्हाच त्याची ताकद फक्त 30 टक्के उरलेली असते. सुरुवातीला तो स्वतःच सगळ्यांना वरदान देतो, तीन मिनिटं कुणाचीही शक्ती संपणार नाही. ऐकायला किती छान. पण ठरावीक वेळाने तो एकेकाच्या अंगात अशी आग पेटवतो की त्याचं बळ दुप्पट होतं आणि साधारण वीस सेकंदांत तो नक्की मरतो. त्यावर औषध नाही. ही आग टँकलाही लागते. म्हणजे टँक मरणार हे आधीपासून ठरलेलं. त्यामुळे गट टँकची रांगच लावतो. पहिला मरेल तेव्हा दुसऱ्याचा थ्रेट त्याच्या लगोलग खाली हवा, तिसऱ्याचा दुसऱ्याच्या खाली. ज्याला आग लागली त्याने इतरांपासून लांब जायचं, कारण मरताना तो फुटतो. पण लांब उभं राहूनही शेवटच्या क्षणापर्यंत मारत राहायचं, कारण आता त्याचं बळ दुप्पट आहे. या एका ड्रॅगनपाशी अडकून कित्येक गिल्ड फुटल्या, असं जुने खेळाडू सांगतात. चूक सगळ्यांना दिसायची आणि कुणाची ते बोलायची चोरी.

हक्कार, आणि गेममधून बाहेर पडलेली साथ

सप्टेंबर 2005 मध्ये 'झुल गुरुब' ही 20 जणांची रेड आली. शेवटचा बॉस हक्कार, रक्ताचा देव. आधी साप, वटवाघूळ, कोळी, वाघ, चित्ता अशा रूपांतल्या पाच पुरोहितांना मारायचं. एखाद्याला सोडलं तर त्याची शक्ती हक्कारला मिळते.

हक्कार दर दीड मिनिटाने सगळ्यांना जागच्या जागी खिळवून रक्त शोषतो आणि स्वतः बरा होतो. यावर उतारा काय, तर आधीच विष प्यायचं. जवळ फिरणाऱ्या सापासारख्या पिल्लावळीपैकी एकाला मारलं की विषारी ढग सुटतो. एरवी खेळाडू अशा ढगापासून पळतात. इथं मात्र सगळ्यांनी वेळ साधून त्यात जाऊन उभं राहायचं. रक्त विषारी झालं की ते शोषताना हक्कारच पोळतो. शिवाय तो टँकला वेड लावून आपल्याच माणसांवर सोडतो, म्हणून दुसरा टँक तयार ठेवायचा आणि पहिल्याला जादूने तात्पुरतं मेंढरू वगैरे बनवून बाजूला करायचं. आपलाच टँक असा बॅ बॅ करत फिरताना बघणं हा या लढाईचा खास प्रसाद.

याच हक्कारकडे 'करप्टेड ब्लड' नावाचा रोग होता. अंगाला लागला की दर दोन सेकंदांनी जीव कमी होणार आणि जवळच्यांना तो लागणार. तो रेडच्या आतच राहील अशी कंपनीची कल्पना होती. पण हंटरचे पाळीव प्राणी कुणाच्या ध्यानात आले नाहीत. रोग लागलेला प्राणी मालकाने परत पाठवला आणि नंतर भर शहरात बोलावला, तर रोगही त्याच्यासोबत आला. शहरांत नव्या, कमी पातळीच्या खेळाडूंचे मुडदे पडले. दुकानदार वगैरे पात्रं मरत नव्हती, पण रोग पसरवत होती. काही खेळाडू गावाबाहेर पळाले, काही हीलर आपणहून मदतीला आले आणि काहींनी मजा म्हणून मुद्दाम रोग नेऊन पसरवला. कंपनीने आधी विलगीकरण करून बघितलं, ते कुणी पाळलं नाही. शेवटी सर्व्हर रीसेट करून आणि नियम बदलून तो थांबवावा लागला.

2007 मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी या घटनेवर 'द लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस' या नियतकालिकात लेख लिहिला. साथीत माणसं कशी वागतात हे समजायला असं आभासी जग उपयोगी पडू शकेल, असं त्यांचं म्हणणं होतं. कोविडच्या वेळी जगभरातल्या बातम्यांत हक्कार परत आला तो त्यामुळेच.

एका तलवारीसाठी गावाची वर्गणी

आता भांडणाकडे. वस्तू दोन-चार आणि माणसं चाळीस, मग न्याय कसा करायचा? यासाठी आधीच्या 'एव्हरक्वेस्ट' गेममधल्या 'आफ्टरलाइफ' गिल्डने 1999 मध्ये एक पद्धत काढली होती. ड्रॅगन मारायला आलात की पॉइंट मिळणार, वस्तू घेतलीत की पॉइंट खर्च. नाव पडलं 'ड्रॅगन किल पॉइंट्स', म्हणजे डीकेपी. ओरडणारा लीडर कापत होता ते हेच.

पद्धत चोख दिसते, पण तिच्यात वस्तू जाते ती सगळ्यांत जास्त हजेरी लावणाऱ्याला. ती त्याच्या हातात शोभते की नाही, हे पॉइंट सांगत नाहीत. म्हणून काही गिल्डमध्ये पाच-सहा जणांची समिती ठरवायची. मग समितीतल्याच माणसाला तलवार मिळाली की बाकीच्यांचं तोंड वाकडं. बऱ्याच गिल्डना बॉसपेक्षा ही वाटणीच जड गेली.

यातलं सगळ्यांत प्रसिद्ध शस्त्र म्हणजे 'थंडरफ्युरी'. चॅटवर कुणीही काहीही विचारलं तरी मध्येच कुणीतरी या तलवारीचं लांबलचक नाव टाकतो, हा विनोद अजून जिवंत आहे. ती मिळवायला दोन तुकडे लागतात, एक गार या बॉसकडून, दुसरा बॅरन गेडनकडून, आणि दोन्ही फार क्वचित पडतात. कुणाला महिनोन्‌महिने एक तुकडा घेऊन दुसऱ्याची वाट बघावी लागते. तुकडे जुळले तरी रॅग्नरोसकडून आणखी एक वस्तू हवी आणि वर इलेमेंटियमच्या दहा कांड्या. प्रत्येक कांडीला आर्कनाइटच्या दहा, म्हणजे एकूण 100. आर्कनाइट बनवणारा किमयागार मूळ नियमानुसार दोन दिवसांत एकच कांडी बनवू शकतो. एकट्याने करायचं म्हटलं तर अर्ध्या वर्षाहून जास्त. म्हणून अख्खी गिल्ड वर्गणी काढते.

आणि एवढं करून ती जाते कुणाकडे? टँककडे. तिच्या वारातून विजेचा लोळ उठतो, समोरच्याचा हल्ल्याचा वेग मंदावतो आणि थ्रेट भरपूर तयार होतो. टँकने राग जास्त ओढला की मागचे सगळे हात मोकळे सोडून मारू शकतात. तलवार एकाच्या कमरेला, डॅमेज वाढतं बाकीच्यांचं. मात्र तो टँक दुसऱ्या गिल्डमध्ये निघून गेला तर तलवार त्याच्यासोबत जाते, कारण ती कुणाला परत देता येत नाही. असं झालंय, आणि अनेकदा झालंय.

एकदा मेलात की संपलं

2005 मध्ये रॅग्नरोस पहिल्यांदा पडायला गेम आल्यापासून पाच महिने लागले होते. 2019 च्या क्लासिकमध्ये तो आठवडाभराच्या आत पडला. तोच गेम, तोच बॉस, फक्त कोड्याचं उत्तर सगळ्यांना पाठ. मग काही खेळाडूंनी जोखीम स्वतःच वाढवून घेतली. ऑगस्ट 2023 मध्ये ब्लिझार्डने अधिकृत 'हार्डकोअर' सर्व्हर सुरू केले. इथं मेलेला खेळाडू परत जिवंत होत नाही. महिनोन्‌महिने वाढवलेलं पात्र एका चुकीत गेलं.

आता शस्त्राचं सगळं गणितच फिरतं. थोडं कमी डॅमेज चालेल पण जीव जास्त देणारं काहीतरी हवं, अशी निवड होऊ लागली. थ्रेट ओलांडणारा पूर्वी फक्त शिव्या खायचा, इथं तो कुणाच्या तरी सहा महिन्यांच्या मेहनतीची राख करू शकतो. आणि सगळ्यांत मोलाची वस्तू ठरली ती तलवारही नाही, कुऱ्हाडही नाही. ती आहे 'फ्लास्क ऑफ पेट्रिफिकेशन' नावाची बाटली. ती प्यायली की माणूस मिनिटभर दगड होतो, हलता येत नाही, पण त्याला कुणी मारूही शकत नाही. रेड हाताबाहेर गेली की लोक बाटली पितात, दगड होतात आणि तेवढ्या वेळात गेममधून बाहेर पडतात.

अडचण अशी, की दगड झालेल्यावर बॉस वेळ घालवत नाही, तो पुढच्याकडे वळतो. हीलरने बाटली प्यायली की टँक गेला, टँकने प्यायली की मागचे गेले. म्हणून बाटली कधी प्यायची, हा निर्णय रेड लीडरने घ्यायचा असा बऱ्याच गिल्डचा नियम असतो. तो हेडफोनवर सांगेपर्यंत प्रत्येकाने बोट त्या बटणावर ठेवून आपापलं काम करत राहायचं असतं. कुणीतरी दोन सेकंद आधी दाबतोच, आणि मग त्या रात्रीचा व्हिडिओ पुढचे आठ दिवस फिरत राहतो.